फुली उडी मारत नाही

रविवार, ५

समुद्रात ढगांचा एक पुंजका जमलाय. ना शेंडा ना बुडखा, नुसताच पसरलेला. आजच्या पत्रकात त्याच्यापुढे 'वादळ होण्याची शक्यता वीस टक्के' असं लिहून मी सही केली. वीस टक्के म्हणजे नक्की काय, असं मागे एका बातमीदाराने विचारलं होतं. मी म्हटलं, 'म्हणजे होणार नाही. पण झालंच तर आम्ही सांगितलं नव्हतं असं म्हणू नका.' त्याने ते छापलं नाही, नाहीतर मोठ्या साहेबांनी माझी कणीक तिंबली असती.

पाळीवर काम थोडं होतं म्हणून नकाशाची काच पुसून घेतली. संगणकावर सगळं दिसतं, तरी हवामान कार्यालयाच्या भिंतीवरचा हा नकाशा आम्ही अजून ठेवलाय. त्याच्या काचेवर लाल मेणखडूने फुली मारायची: वादळाचं केंद्र इथे. बंदरातून, कचेऱ्यांतून फोन आला की उत्तर देणारा माणूस त्या फुलीकडे बघून बोलतो. फुलीबद्दल मोठ्या साहेबांचा एक मंत्र आहे, तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवला जातो: 'फुली उडी मारत नाही.' एका पत्रकापासून दुसऱ्या पत्रकापर्यंत ती बोटभर सरकावी, फार तर दोन बोटं. एकदम वीतभर हलवली की लोक म्हणणार, यांचं यांनाच ठाऊक नाही, आणि पुढच्या वेळी खरं सांगितलं तरी घरं सोडणार नाहीत. मला हे पटतं. मी स्वतः कितीजणांना ते शिकवलंय.

रविवार म्हणून ताईचा फोन आला. ती दक्षिणेला वाळूच्या दांड्यावर राहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे घरांची एक ओळ. होड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवून देते. भावोजी गेल्यापासून एकटीच असते.

'काय रे धाकट्या, काय म्हणतो तुझा समुद्र?'

'माझा कसला? तुझ्या दारात आहे तो.'

'दारात आहे म्हणून तर मी बघत नाही. तू लांबून बघतोस, तुलाच जास्त दिसतं.'

मग मी तिला पुंजक्याचं सांगितलं. वीस टक्क्यांसाठी सांगायची गरज नव्हती, पण आई गेली तेव्हा मी नाक पुसायच्या वयाचा होतो आणि शाळा सोडून मला वाढवलं ते ताईने. तिला समुद्राच्या भरवशावर सोडणं मला जमत नाही.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, 'अहो, एवढ्याशासाठी ताईंची झोप कशाला उडवता?'

'तिची झोप अशानं उडत नाही.'

'मग कुणाची उडते?' असं म्हणून ती भांडी आवरायला गेली.

मंगळवार, ७

चाळीस टक्के. पुंजका आता एका जागी गोळा होतोय. खालचं पाणी ऊन आहे, वरचा वारा मंद आहे. म्हणजे पाहुण्याला पाटही मांडलाय आणि ताटही वाढलंय. आज कार्यालयातले सगळे जरा हळू बोलत होते. वादळ होणार असं कुणी म्हणत नाही, पण जो तो येताजाता नकाशाकडे मान वळवतो.

ताईला आज मीच फोन केला. ती म्हणाली, 'आज काय रविवार आहे?' मी आकडा सांगितला. ती म्हणाली, 'चाळीसात आमच्या वेळी शाळेत पास करायचे.' थट्टा करायची तिची सवय आहे, मी मनावर घेत नाही.

बुधवार, ८

साठ टक्के. लाल फुली आज पहिल्यांदा मारली, मीच. ढग पश्चिमेकडे किनाऱ्याच्या रोखाने येतोय आणि सगळी गणितं त्याला दक्षिणेकडे नेताहेत. म्हणजे दांड्याकडे. हे लिहिताना बरं वाटत नाही.

माझ्यानंतरची पाळी दुर्बिणीची असते. जाड भिंगांचा चष्मा आणि बारीक गोष्टी शोधायची खोड, म्हणून तिला हे नाव पडलंय. तिलाही ते माहीत आहे आणि ती रागवत नाही. तोंडावर मी तिला बाई म्हणतो. आज आल्या आल्या ती नाक उपग्रहाच्या चित्राला टेकवून बसली.

'यात दोन भोवरे असतील का हो?' ती म्हणाली. 'एक वर दिसतोय तो, आणि एक खाली, झाकलेला?'

प्रश्न चुकीचा नव्हता. वादळ नांदतं ते खालच्या भोवऱ्याभोवती, पाण्यालगत. वरचा भोवरा नुसता देखावा असतो. दिवसा उजेडाच्या चित्रात खालचे ढग दिसतात. अंधार पडला की मिळतं ते उष्णतेचं चित्र, त्यात ढगाचा माथा किती थंड एवढंच कळतं, जितका थंड तितका पांढरा. खाली काय चाललंय ते झाकलेलंच. त्यावर बरेच जण फसलेत. पण हे मला ठाऊक नाही असं समजून कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, 'बाई, मी काय काल आलोय?' ती म्हणाली, 'नाही, म्हणून तर विचारलं.'

गुरुवार, ९

ऐंशी टक्के. संध्याकाळच्या पत्रकात आम्ही शक्यता हा शब्दच काढून टाकला. वादळ होणार, आणि शनिवारी रात्री किंवा रविवारी दक्षिणेला जमिनीवर येणार. दांडा रिकामा करायचा का, ते प्रशासन उद्या आमचं दुपारचं पत्रक बघून ठरवणार आहे. उद्यापर्यंत थांबणं त्यांना जमेल, मला जमेना. जेवणाच्या सुट्टीत ताईला फोन लावला.

'उद्या सकाळच्या गाडीनं निघ,' मी म्हटलं. 'उत्तरेला, नणंदेकडे.'

नणंद म्हणजे भावोजींची बहीण. ती उत्तरेला नदीच्या मुखावरच्या गावात राहते. घर जुनं आहे, पण दांड्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि वादळाच्या हिशेबाने पार बाहेर. अडचण एवढीच की भावोजींना पोचवून आल्यापासून त्या दोघी एकमेकींशी धड बोलत नाहीत.

'तिच्या घरात पाणी मागायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडतो माझा,' ताई म्हणाली.

'दगडापेक्षा वीट मऊ.'

'तिला वीट म्हणू नकोस, विटेचा तरी कोपरा झिजतो.' मग म्हणाली, 'हातात ताडपत्र्यांचं काम आहे रे. वादळ येणार म्हणून तर होडीवाले घाई करताहेत. तुमच्या पत्रकात लिहिलंय का, दांडा सोडा म्हणून?'

'अजून नाही.'

'मग मला एकटीलाच सांगतोस?'

'तू माझी बहीण आहेस.'

मी तिला मार्ग समजावला, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, दांडा समुद्रापासून किती कमी उंचीवर आहे ते सगळं सांगितलं. ती मधेच म्हणाली, 'तुझा आवाज असा का येतोय? जेवतोयस ना वेळेवर?'

'तू तिथून हलल्याशिवाय मला घास जायचा नाही, ताई. समोर नकाशा असतो आणि मला त्यात तुझं घर दिसतं.'

तिच्या मागून समुद्राची गाज ऐकू येत होती.

'बरं,' ती म्हणाली. 'जाते मी उद्या. तू जेव.'

शेवटी माझं तिला पटलं. नुसतं 'जा' म्हणून माणूस हलत नाही, आकडे पुढे ठेवले की हलतो, हा माझा जुना अनुभव आहे. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने विचारलं, 'पटलं असं म्हणाल्या?'

'जाते म्हणाली. एकच ना.'

ती दिवा मालवून झोपली.

शुक्रवार, १०

ताई पोचली. दुपारी नणंदेच्या घरून फोन केला. 'चहा दिला हो तिनं,' म्हणाली, 'साखरही घातली होती.' माझा जीव भांड्यात पडला. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो आणि कामालाही वेगळाच हुरूप आला. दुपारच्या पत्रकावरून प्रशासनाने दांडा रिकामा करायचं ठरवलं. उत्तरेकडच्या आगारांतल्यासुद्धा सगळ्या गाड्या संध्याकाळपर्यंत दक्षिणेला धाडल्या. लोकांनी कुरकूर केली, पण निघाले. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

दिवेलागणीला एका मालवाहू जहाजाचा निरोप आला. ते आमच्या फुलीच्या बरंच उत्तरेला होतं. केंद्राच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून लागायला हवा. या जहाजाने कळवला तो पश्चिमेकडून, आणि चांगला जोराचा. याचे अर्थ दोनच होतात. एकतर केंद्र आमच्या फुलीवर नसून त्या जहाजाच्याही उत्तरेला आहे, नाहीतर जहाजावरच्या माणसाने दिशा उलटी लिहिलीय. वारा कुठून येतो ते लिहायचं असतं, आणि नवखे लोक तो कुठे जातो ते लिहितात. असं नेहमी होतं. मी निरोपावर 'दिशा उलट' असा शेरा मारला.

दुर्बीण आज पाळीच्या आधीच येऊन बसली होती. तिने निरोप दोनदा वाचला, उठली आणि काचेवर उत्तरेला दुसरी, लहानशी फुली काढली.

'बाई, हे काय?'

'जहाजाचं बरोबर असेल तर केंद्र इथं आहे. परवा म्हणत होते तो खालचा भोवरा.'

मी तिला उष्णतेचं चित्र दाखवलं. आमच्या फुलीवर पांढराशुभ्र गोल ढग बसला होता, शेंबडं पोरही बोट ठेवून सांगेल की केंद्र इथेच. ती म्हणाली, 'रात्रीचा पांढरा रंग मला पटत नाही. त्या जहाजाला पुन्हा विचारू या. आणि नदीच्या मुखावरच्या गावाला निदान सावध राहा एवढं तरी आत्ताच कळवू या.'

'तिथं काही व्हायचं नाही,' मी म्हटलं. 'माझी बहीण आहे तिथं.'

हे मी का बोललो ते माझं मलाच कळलं नाही. दुर्बिणीने चष्मा काढून पदराने पुसला. मी म्हटलं, 'एका जहाजाच्या चिठ्ठीवर फुली वीतभर उडवायची? सगळ्या गाड्या दक्षिणेला गेल्यात. लोक हसतील आपल्याला.' मग ओला फडका घेऊन तिची ती लहान फुली मी पुसली. पुसताना जरा जोर लागला. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. पाळी तिची सुरू होत होती, पण रात्रीच्या पत्रकावर सही माझी होती.

रात्रीची झोप बरी लागेल असं वाटतंय.

शनिवार, ११

उजाडता उजाडता फोन वाजला. दुर्बीण होती. म्हणाली, 'उजेडाचं पहिलं चित्र आलंय. तुम्ही या.'

तोंडसुद्धा न धुता गेलो. रात्रभर फुलीवर बसलेला तो पांढरा ढग विरून बाजूला गेला होता आणि त्याच्या खाली काही नव्हतं. नुसता समुद्र. खरा भोवरा उत्तरेला होता, उघडा, घट्ट वळलेला, जहाजाने सांगितलं होतं तिथेच. त्याच्याभोवती नवे ढग धरायला लागले होते. रोख सरळ नदीच्या मुखाकडे.

मोठे साहेब आले. त्यांनीच फडका घेतला आणि जुनी फुली पुसली. नवी मारायला खडू माझ्या हातात दिला. मी मारली. ती उडी दीड विताची होती. कुणी मंत्र म्हटला नाही.

पत्रक गेलं आणि मी ताईला फोन लावला. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं.

'ताई, माझं चुकलं. ते तिकडे येतंय.'

'इकडे?'

'तिकडेच. आज रात्री.'

'बरं,' ती म्हणाली. अगदी मी लहानपणी पेला फोडल्यावर म्हणायची तसं. 'मग आता काय करायचं, सांग.'

मी गाडी बघायला सांगितली. ती म्हणाली, सकाळपासून आगारात एकही गाडी नाही, सगळ्या दक्षिणेला गेल्यात म्हणे. मी टेकाडावरच्या शाळेत जायला सांगितलं. ती म्हणाली, 'हिचे गुडघे धरलेत. उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो, टेकाड कसं चढणार?'

'तू तरी जा.'

'हिला टाकून?'

'तुमचं तर पटतही नाही.'

'पटत नाही म्हणून काय झालं. शेजारचं घर दुमजली आहे, ते वर घेतो म्हणालेत. बघते मी काहीतरी.' मग आवाज बदलून म्हणाली, 'धाकट्या, रडतोयस काय?'

'नाही.'

'रडू नकोस. फोन ठेव आणि काम कर. तुझ्या फोनची वाट बघणारे अजून पुष्कळ असतील.'

आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात. ती आपणहून उठली नाही, मी तिला हाताला धरून नेलं.

रविवार, १२

मध्यरात्रीच्या सुमाराला ते जमिनीवर आलं, नदीच्या मुखाच्या किंचित दक्षिणेला. म्हणजे सगळं पाणी मुखातून गावात. फोन लागत नाही.

सोमवार, १३

फोन लागत नाही. पूल गेलाय. तिकडे जाऊ द्या म्हणून मी साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, 'पोचणार कुठून? इथं बसा, निदान बातमी आधी इथं येईल.' ते बरोबर होतं. मग मी पाऊस, नदीची पातळी, उतरणारा वारा यांची पत्रकं काढत बसलो. हात आपोआप चालतात. एका पत्रकात मी त्या गावाचं नाव लिहिलं आणि पुढचा शब्द सुचेना, तेव्हा दुर्बिणीने कागद ओढून घेऊन पुरा केला. तिची पाळी संपून बराच वेळ झाला होता. तिने स्वतःचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि जहाजाबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

दक्षिणेला लख्ख ऊन आहे. दांड्यावरचं एक कौलही हललं नाही. तिथले लोक परत येऊन आम्हाला शिव्या देताहेत की उगीच घरं सोडायला लावली.

मंगळवार, १४

सकाळी फोन लागला, म्हणजे तिकडूनच आला. दुसऱ्या कुणाचातरी नंबर होता. नणंद बोलत होती.

'भाऊ, वहिनी गेल्या.'

ती सांगत होती की ताईने शेजारच्या दोघातिघांना हाताशी घेऊन तिला खुर्चीत बसवून शेजारच्या माडीवर चढवलं. पांघरूण दिलं, औषधं उशाशी ठेवली. 'मग म्हणाल्या, थांबा, पाणी अजून ओट्याच्या खाली आहे तोवर आपल्या घरून थर्मासभर चहा करून आणते, रात्र मोठी आहे. मी म्हटलं, नको हो. तर म्हणाल्या, माझ्या हातचा एकदा तरी पिऊन बघा. मागची भिंत अंगावर कशी आली ते कुणालाच कळलं नाही. भिंत आली आणि पाणी आलं.'

ती हुंदके देत होती. मी तिला म्हटलं, तुम्ही सांभाळा. फोन ठेवल्यावर मला दिसलं की मी समोरच्या कागदावर तारीख आणि वेळ लिहून ठेवलीय, निरोप घेताना आम्ही लिहितो तशी.

शुक्रवार, १७

तिला पोचवून आलो. होडीने नदी ओलांडावी लागली. नणंद माझा हात सोडत नव्हती. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल मला, बोलावं असंही वाटत होतं. ती एवढंच म्हणत होती की एवढ्या वर्षांत बोललो नाही तेवढं त्या एका दिवसात बोललो.

आज कामावर गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रात्रीच्या चित्रावर सगळेच फसतात. पत्रक नियमाला धरून होतं.'

'जहाज होतं, साहेब.'

'जहाजं रोज उलटी दिशा लिहितात.'

'यानं लिहिली नव्हती. मला विचारून खात्री करता आली असती. बाईंनी सांगितलंही होतं, आणि त्यांची फुली मी पुसली.'

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'हे आपल्या दोघांत राहू द्या.' मी म्हटलं, नको. मग तिथेच बसून सगळं लिहिलं आणि सही करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते अजून उचललेलं नाही.

बाहेर दुर्बीण उभी होती. मी तिला विचारलं, 'त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी भांडला का नाहीत?'

ती म्हणाली, 'बहीण तिथं आहे म्हणालात ना. त्यानंतर तुम्ही नकाशा बघत नव्हता. माझं ऐकलंच नसतंत.' मग म्हणाली, 'तरी भांडायला हवं होतं मी.'

ती म्हणते ते खरं आहे. चार दिवस मी तेच फिरवून फिरवून बघतोय. फुली उत्तरेला न्यायची म्हणजे ताईला मी वादळाच्या तोंडी नेऊन ठेवलं असं कबूल करायचं. ते मला नको होतं, म्हणून जहाज खोटं ठरवलं. ती दांड्यावर असती आणि त्याच जहाजाने तोच वारा कळवला असता, तर मीच उड्या मारत फुली उत्तरेला नेली असती. मग उत्तरेच्या गावाला एक रात्र जास्त मिळाली असती. तिकडून येणारा मेलेल्यांचा आकडा अजून वाढतो आहे, आणि त्यात बाकी सगळी दुसऱ्या कुणाची माणसं आहेत.

रविवार, २६

ताईचं घर आवरायला दांड्यावर गेलो. बायकोही आली होती. घर जसंच्या तसं आहे. शिलाईच्या यंत्रावर अर्धी शिवलेली ताडपत्री होती, सुई तिच्यात रुतलेली. बायकोने ती काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मला काय ठेवायचं, काय टाकायचं ते कळेना. मी पायरीवर येऊन बसलो.

शेजारी बर्फाच्या कारखान्यात काम करणारा एक म्हातारा राहतो. तो येऊन बाजूला बसला. त्याला वादळाबद्दल सगळं ठाऊक होतं, पण फुली आणि जहाज यातलं काही ठाऊक नव्हतं. ते फक्त कार्यालयात ठाऊक आहे.

'तुम्हीच ना धाकटे?' तो म्हणाला. 'फार सांगायच्या तुमचं.'

मी मान हलवली.

'त्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, ताई, सरकारनं सांगितलं नाही, दुपारी ठरणारच आहे, सगळ्यांबरोबर निघा. अन् त्या घरी कशाला जाता, जिथं तुमचं जमत नाही? आमच्याबरोबर चला, आम्ही आत माझ्या मुलाकडे जाणार होतो. सगळे सुखरूप होतो तिथं.'

'मग?'

'त्यांना जायचंच नव्हतं हो. हातात एवढं काम होतं. म्हणाल्या, मला काही वादळाबिदळाचं कळत नाही, आणि त्यानं सांगितलेले आकडे तर मुळीच नाही. पण त्याच्या मनानं घेतलंय की मी नणंदेकडे गेले म्हणजे सुटले. मी इथं राहिले, तर तो तिथं बसून माझंच घर बघत राहील. अख्ख्या किनाऱ्याची माणसं त्याच्या भरवशावर आहेत. मी गेले की त्याचं कामात लक्ष लागेल.'

आत बायकोने काहीतरी उचलून खाली ठेवल्याचा आवाज झाला. समुद्र शांत होता. म्हातारा त्याच्याकडे बघत होता.

'लागलं ना मग?' त्याने विचारलं.

मी म्हटलं, 'लागलं.'